जुन्या बाजारात नाटकाची अभ्यास-आवृत्ती घेताना

फुटपाथवर 'हॅम्लेट' मागितलं की विक्रेता तीन पुस्तकं पुढे टाकतो. एकात नाटक असतं आणि प्रत्येक पानाखाली टिपांची दाटी. दुसऱ्यात नाटक जवळपास नुसतंच, शब्दार्थ शेवटी. तिसऱ्यात नाटकच नाही. कथासार, पात्रचित्रण आणि 'महत्त्वाचे प्रश्न'. भाव तिन्हींचा साधारण सारखाच, कारण इथे किंमत ठरते ती जाडीवर आणि कव्हरच्या चकाकीवर. संपादक कोण, याची विचारपूस विक्रेता करत नाही. ती आपण केली तर हजार-दीड हजाराची आवृत्ती दोनशेत मिळते, नाही केली तर दोनशे रुपये देऊन गाइड घरी येतं.

पुढची माहिती इंग्रजी किंवा संस्कृत घेऊन बीए-एमए करणाऱ्यांसाठी, नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नाटक टिपांसह नीट वाचायची इच्छा असणाऱ्या कुणाहीसाठी आहे. उदाहरणं शेक्सपिअरची आणि संस्कृत नाटकांची घेतली आहेत. जुन्या बाजारात याच दोन प्रकारच्या अभ्यास-आवृत्त्या सगळ्यात जास्त दिसतात आणि घोटाळेही त्यांच्यातच सगळ्यात जास्त.

निघण्याआधी

नुसतं नाटकाचं नाव घेऊन बाजारात जाऊ नका. फोनमध्ये चार गोष्टी लिहून ठेवा: मालिकेचं नाव, संपादकाचं नाव, साल, आणि वर्गात ओळींचे क्रमांक कोणत्या प्रतीवरून सांगतात ते. चौथी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण वर्षभर छळते ती हीच. पद्याच्या ओळी सगळीकडे जवळपास सारख्याच पडतात. गद्याच्या ओळी मात्र पानाच्या रुंदीप्रमाणे तुटतात, त्यामुळे गद्य जास्त असलेल्या प्रवेशात दोन आवृत्त्यांचे क्रमांक लांब लांब जातात. 'जगावं की मरावं' हे स्वगत तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात जुन्या आर्डनमध्ये (आर्डन ही शेक्सपिअरच्या सटीक आवृत्त्यांची मालिका) ५६व्या ओळीला सुरू होतं, नव्या आर्डनमध्ये ५५व्या. तिथे फरक एकाच ओळीचा आहे. विदूषकांच्या आणि कबर खोदणाऱ्यांच्या गद्य प्रवेशांत तो इतका सौम्य राहत नाही.

अभ्यासक्रमात आवृत्ती दिलेली नसेल तर शिक्षकांना सरळ विचारा. 'कुठलीही चालेल' असं उत्तर आलं तर निवड तुमच्या हातात.

कोणती मालिका कशासाठी

पहिल्यांदाच वाचणार असाल तर फोल्जर घ्या. तिच्यात उजव्या पानावर नाटक आणि समोरच्या डाव्या पानावर अर्थ असतात, त्यामुळे नजर फार फिरवावी लागत नाही. सिग्नेटमध्ये पानाखाली थोडक्यात शब्दार्थ आणि मागे काही समीक्षालेख असतात. जुन्या पेंग्विनमध्ये टिपा नाटकानंतर एकत्र दिलेल्या असतात. तालमीत हातात धरायला ती बरी. अभ्यासाला बसलं की सारखी पानं उलटावी लागतात.

एमएसाठी बहुतेक जण आर्डनवर येतात. आर्डनच्या तीन मालिका आहेत. पहिली १८९९मध्ये सुरू झाली. दुसरीतलं 'मॅकबेथ' (संपादक केनेथ म्यूर) १९५१चं आणि 'हॅम्लेट' (हॅरल्ड जेंकिन्स) १९८२चं. तिसरी १९९५ ते २०२० या काळात पूर्ण झाली. जुन्या बाजारात दुसरी आणि तिसरी दोन्ही मिळतात आणि कव्हरवर 'आर्डन' एवढंच ठळक असतं. त्यात तिसऱ्या मालिकेच्या प्रती नेल्सन, थॉमसन आणि ब्लूम्सबरी अशा वेगवेगळ्या नावांखाली निघाल्या, म्हणजे प्रकाशकावरून मालिका ओळखता येत नाही. संपादकाचं नावच पाहा. 'किंग लिअर'वर म्यूर दिसले तर दुसरी मालिका, आर. ए. फोक्स दिसले तर तिसरी (१९९७). दुसरी मालिका जुनी झाली म्हणून तिच्या भाषिक टिपा निकामी झाल्या असं समजू नका. रंगमंचावरचे प्रयोग, चित्रपट, अलीकडची समीक्षा हवी असेल तर मात्र तिसरीच घ्यावी लागेल.

केंब्रिजच्या नावाखालीही तीन वेगळ्या गोष्टी फिरतात. डोव्हर विल्सन यांची जुनी मालिका: टिपा आणि शब्दकोश शेवटी. १९८४पासूनची न्यू केंब्रिज: टिपा पानाखाली, विद्यापीठाच्या कामाची. आणि केंब्रिज स्कूल शेक्सपिअर: शाळेतल्या मुलांसाठी, वर्गातल्या उपक्रमांसकट. तिसरी चांगलीच आहे, पण प्रबंधाच्या संदर्भसूचीत शोभणार नाही.

नॉर्टन क्रिटिकलमध्ये टिपा थोडक्यात आणि मागे मूळ साधनं व समीक्षालेखांचा मोठा गठ्ठा असतो. ती घेताना आवृत्तीचा क्रमांक तपासाच. 'हॅम्लेट'ची पहिली आवृत्ती १९६३ची, दुसरी १९९२ची, पुढची २०११ची. मागचे लेख प्रत्येक वेळी बदलतात. तुम्हाला नेमून दिलेला लेख भलत्याच आवृत्तीत असू शकतो.

नाटक एकच, पाठ वेगळे

नवख्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की 'हॅम्लेट' नावाचं एकच एक पुस्तक शेक्सपिअरने मागे ठेवलेलं नाही. १६०३ची पहिली क्वार्टो (क्वार्टो म्हणजे एकट्या नाटकाचं लहान आकाराचं पुस्तक), १६०४-०५ची दुसरी क्वार्टो आणि १६२३ची फोलिओ (नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह), असे तीन छापील पाठ आहेत. जुने संपादक त्यांची सरमिसळ करून एक पाठ बनवत. तिसऱ्या आर्डनने (ॲन थॉम्पसन आणि नील टेलर, २००६) मुख्य खंडात दुसरी क्वार्टोच छापली. त्यामुळे 'डेन्मार्क हा तुरुंग आहे' हा सगळ्यांना पाठ असलेला संवाद त्या खंडात दुसऱ्या अंकात सापडत नाही. तो फक्त फोलिओत आहे, म्हणून परिशिष्टात गेला. पान फाटलेलं नाही. विक्रेत्याशी भांडू नका. याच संपादकांचा दुसरा, वेगळा खंड १६०३ आणि १६२३च्या पाठांचा आहे. तो स्वस्तात दिसतो, कव्हर तसंच, पण टिपा त्या मानाने थोड्या. अभ्यासाची मुख्य प्रत म्हणून तो घेतला तर पैसे वाया.

'लिअर'चं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. क्वार्टोत (१६०८) असलेल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत, फोलिओतल्या सुमारे १०० ओळी क्वार्टोत नाहीत. समोरची प्रत कुठल्या घराण्याची हे फुटपाथवर उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात कळतं. तिसऱ्या अंकाचा सहावा प्रवेश उघडा. वेडावलेला राजा मुलींवर लुटुपुटीचा खटला चालवतो तो भाग तिथे असेल तर पाठ क्वार्टोचा किंवा मिश्र. नसेल तर फोलिओचा. न्यू केंब्रिजची जे हॅलियो यांची प्रत (१९९२) फोलिओवर आधारलेली आहे, तिच्यात हा भाग मागे परिशिष्टात मिळेल. फोक्स यांनी दोन्ही पाठ एकत्र ठेवून ओळींना बारीक 'क्यू' आणि 'एफ' अशी खूण केली आहे. विद्यार्थ्याला हीच सोय सगळ्यात उपयोगी.

आणि पुस्तकात अंकच सापडले नाहीत तर गोंधळू नका. ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधली स्टॅन्ली वेल्स यांची 'लिअर'ची प्रत (२०००) क्वार्टोवरची आहे. तिच्यात १ ते २४ असे सलग प्रवेश आहेत. खटल्याचा भाग तिथे तेराव्या प्रवेशात. आवृत्ती उत्तम, पण वर्गात 'तीन-सहा उघडा' म्हटलं की तुम्ही पान शोधत बसणार.

जुन्या शालेय आवृत्त्यांत आणखी एक धोका असतो: 'अयोग्य' ओळी गाळलेल्या असतात, आणि गाळल्याचं दर वेळी ठळकपणे सांगितलेलं नसतं. कसोटी सोपी आहे. 'मॅकबेथ'चा दुसरा अंक, तिसरा प्रवेश. दारू कोणत्या तीन गोष्टी घडवते हे द्वारपाल मॅकडफला सांगतो: लाल नाक, झोप आणि लघवी. पुढे तो कामवासनेवर घसरतो. एवढं सगळं शाबूत असेल तर प्रत बहुधा अखंड. 'ऑथेल्लो' असेल तर पहिल्याच प्रवेशात इयागो ब्रबान्शिओला खिडकीखालून काय ओरडून सांगतो ते बघा.

संस्कृत नाटकं

इथे मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या आवृत्त्यांशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही. संस्कृत पाठ, संस्कृत टीका, इंग्रजी भाषांतर आणि टिपा असा तो भरगच्च ऐवज असतो. 'शाकुंतला'बरोबर राघवभट्टाची टीका. मुंबईत छापलेल्या जुन्या प्रती आणि मोतीलाल बनारसीदासच्या पुनर्मुद्रित प्रती, दोन्ही बाजारात असतात. पुनर्मुद्रणं जुन्या पानांचे फोटो घेऊन छापलेली असली की अक्षर पुसट होतं. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षराचा अर्धा पाय सगळ्यात आधी उडतो. संस्कृतात अनुस्वार उडाला म्हणजे विभक्ती उडाली. म्हणून मधलं कुठलंही टीकेचं पान उजेडात धरून चार ओळी मोठ्याने वाचा. अडखळलात तर दुसरी प्रत मागा.

प्राकृत संवादांची संस्कृत छाया (म्हणजे शब्दशः संस्कृत रूपांतर) दिली आहे का, हे दुसरं. नायिका, सख्या, विदूषक प्राकृत बोलतात. छाया नसेल तर नवख्याचं अर्धं नाटक बंद. 'मृच्छकटिका'त तर प्राकृताचे इतके प्रकार आहेत की छायेशिवाय शकार या खलपात्राचं एक वाक्यही सुटत नाही.

तिसरं, पाठपरंपरा. 'शाकुंतला'चे देवनागरी आणि बंगाली असे पाठ प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात शिकवला जातो तो सहसा देवनागरी. तिसरा अंक उघडा. शकुंतलेच्या डोळ्यात गेलेला पराग दुष्यंत फुंकर घालून काढतो असा लांबलचक प्रसंग दिसला तर तुमच्या हातात बंगाली पाठ आहे, आणि श्लोकांचे क्रमांक वर्गाशी जुळणार नाहीत. 'विक्रमोर्वशीया'च्या चौथ्या अंकातली अपभ्रंश भाषेतली पद्यंही काही आवृत्त्यांत आहेत, काहींत नाहीत.

मराठी संगीत नाटकांच्या संहिता याच ढिगात असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' (१८८०) किंवा देवलांचं 'संगीत मृच्छकटिक' जरूर घ्या, पण ती रंगभूमीसाठी केलेली मराठी रूपं आहेत. मूळ श्लोकाचा अन्वय त्यांत शोधू नका.

प्रत हातात आली की

आधी शीर्षकपानाच्या मागचं पान. तिथे आवृत्तीचं साल, पुनर्मुद्रणाची सालं आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, असतो. १० ते १ असे उतरते आकडे ओळीत छापलेले असतील तर त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ते कितवं मुद्रण. लक्षात ठेवा, 'पुनर्मुद्रण २०१४' म्हणजे २०१४ची आवृत्ती नव्हे. जेंकिन्सचं 'हॅम्लेट' कितीही वेळा छापलं तरी ते १९८२चंच. आयएसबीएन २००७पासून १३ अंकी झाला. जुन्या पुस्तकावरच्या १० अंकांपुढे नुसतं ९७८ लावून शोधलं तर पुस्तक मिळत नाही, कारण शेवटचा तपासणी-अंकही बदलतो. शेवटचा अंक सोडून उरलेले नऊ घ्या, पुढे ९७८ लावा आणि नवा शेवटचा अंक संकेतस्थळावर काढून घ्या. किंवा सरळ संपादकाच्या नावाने शोधा.

मग पानं. एक कागद निसटला तर दोन पानं जातात. हे बहुधा पहिल्या आणि शेवटच्या कागदांबाबत घडतं. बांधणीतच चूक असेल तर अख्खा फर्मा, म्हणजे १६ किंवा ३२ पानं, गायब असतो किंवा दोनदा येतो. म्हणून पुस्तक अंगठ्याखालून झरझर सोडून भागत नाही. प्रत्येक सोळा पानांनी थांबून आकडा बघा. जुन्या संस्कृत आवृत्त्यांत प्रस्तावना, पाठ, भाषांतर आणि टिपा यांना वेगवेगळे पृष्ठक्रमांक असतात. शेवटच्या पानावर १८० आहे म्हणजे सगळं आहे असं नाही. मधलं भाषांतर पूर्ण गेलेलं असू शकतं. अंक मोजा: 'शाकुंतल', 'उत्तररामचरित' आणि 'मुद्राराक्षस' प्रत्येकी ७, 'मृच्छकटिक' १०, 'स्वप्नवासवदत्त' ६, 'विक्रमोर्वशीय' आणि 'मालविकाग्निमित्र' प्रत्येकी ५. जेंकिन्सच्या 'हॅम्लेट'मध्ये नाटक संपल्यावर सुमारे दीडशे पानांच्या दीर्घ टिपा आहेत आणि त्या आवृत्तीची खरी किंमत तिथेच आहे. मागचा तुकडा गळालेला असेल तर फुकटही महाग.

बांधणी बघताना पुस्तक मधोमध हळूच उघडा. कण्याजवळ दोरा दिसला तर शिलाईची बांधणी, ती टिकते. नुसता गोंद असेल आणि उघडताना 'कट्' असा आवाज आला तर गोंद सुकलाय; सत्र संपेपर्यंत पानं हातात येतील.

लिहिलेल्या प्रतींना घाबरू नका, पण बघून घ्या. पेन्सिल मऊ खोडरबराने जाते, बॉलपेन जात नाही, हायलायटर पातळ कागदावर पलीकडे उमटतो. बहुतेक प्रती पहिल्या अंकात रंगलेल्या आणि चौथ्या-पाचव्यात कोऱ्या करकरीत असतात. आधीचा मालक कुठवर पोचला ते कळतं. समासात शब्दांचे अर्थ लिहिलेले असतील तर दोन-तीन अर्थ छापील टिपेशी ताडून पाहा. पहिलेच चुकीचे निघाले तर ती प्रत ठेवून द्या. चुकीचा अर्थ पेनाने लिहिलेला असला की डोळा आधी तिकडेच जातो.

चोरटी छपाईही ओळखता आली पाहिजे. अक्षरं काळी नसून करडी, ओळी पानावर किंचित तिरक्या, समास एका बाजूला तुटका, कव्हरवर बारीक अक्षर फुटलेलं: ही झेरॉक्सवरून केलेली प्रत. आर्डनमध्ये ती हमखास पकडली जाते, कारण पानाच्या तळाशी पाठभेदांची बारीक टीप असते आणि नेमकी तीच वाचता येत नाही.

कुठे, केवढ्याला

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत हुतात्मा चौक-फोर्टचा परिसर आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. दिल्लीला जाणं झालं तर दर्यागंजचा रविवारचा बाजार २०१९पासून आसफ अली रस्त्यावरच्या महिला हाटमध्ये भरतो. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट. विद्यापीठाच्या परीक्षा संपल्यावर पंधरा दिवसांत गेलात तर माल ताजा असतो; जुलैत वर्ग सुरू झाले की चांगल्या प्रती आधीच उचललेल्या असतात.

भाव करण्याआधी भारतीय पुनर्मुद्रणाची नवी किंमत फोनवर बघून ठेवा. स्वच्छ प्रतीला नव्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नका, रेघोट्या असतील तर तिसऱ्या हिश्शावर थांबा. अपवाद एकच: आता छापली न जाणारी संस्कृत आवृत्ती पूर्ण आणि सुवाच्य मिळाली तर घासाघीस करत बसू नका. इंटरनेट अर्काइव्हवर अनेक जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती मोफत आहेत. विकत घेण्याआधी तिथे त्याच आवृत्तीची पानं मोजून आलात तर बाजारात फसत नाही.

ऑनलाइन घेताना दुकानाने लावलेलं कव्हरचं चित्र धरून चालू नका. ते बऱ्याचदा भलत्याच आवृत्तीचं असतं. विक्रेत्याकडून चार फोटो मागा: शीर्षकपान, त्याच्या मागचं पान, नाटकाचं मधलं एक पान, आणि शेवटचं छापील पान. 'स्थिती चांगली' या शब्दांना अर्थ नाही. टपालाने मागवत असाल तर १ मे २०२५पासून सुरू झालेली 'ज्ञान पोस्ट' स्वस्त पडते: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळे. रस्त्याने जाते, त्यामुळे वेळ लागतो.

घरी आणल्यावर

नवं आलेलं जुनं पुस्तक लगेच कपाटात बाकीच्यांशेजारी लावू नका. आठवडाभर वेगळं ठेवा. कागदाची बारीक भुकटी पडत असेल किंवा कसर दिसली तर पुस्तक हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही. उघडली तर हवेतली वाफ थंड कागदावर पाणी होऊन बसते. बुरशीचे ठिपके असतील तर पुस्तक आधी पूर्ण सुकू द्या, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात तासन्‌तास ठेवलं तर पानं ठिसूळ होतात आणि कव्हर वाकडं होतं. कुबट वास घालवायला झाकणाच्या डब्यात पुस्तक आणि शेजारी वाटीभर खाण्याचा सोडा, आठ-दहा दिवस. सोडा कागदाला लागता कामा नये.

सुटलेलं पान चिकटपट्टीने लावू नका. दोन-चार वर्षांत पट्टी पिवळी पडते, गळते आणि शेजारचं पानही धरते. पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंद पांढऱ्या फेविकॉलची पातळ रेघ ओढा, पान जागेवर बसवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा आणि वर जड शब्दकोश ठेवून रात्रभर हात लावू नका.